झोळी पसरणारा बादशहा

मुलांनो, तुम्ही कधी नाटक पाहायला गेला आहात का? मोठ्या नाट्यगृहात नसेल, तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही एखादे नाटक नक्कीच पाहिले असेल. नाटक संपते. पडदा पडतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. लोक उठतात आणि घराकडे निघतात. पण काही जण मात्र घरी जात नाहीत. ते नाट्यगृहाला वळसा घालून मागच्या दाराशी जाऊन उभे राहतात. कोणाच्या हातात छोटी वही असते, कोणाच्या हातात नाटकाचे तिकीट असते. आत रंग पुसून, पोशाख बदलून नट याच दाराने बाहेर येणार, हे त्यांना ठाऊक असते. नट बाहेर आला की वही पुढे होते. त्याने वहीवर आपले नाव लिहून द्यावे, एवढीच त्यांची इच्छा असते. अशा लिहून दिलेल्या नावाला मराठीत स्वाक्षरी म्हणतात.

आपण स्वाक्षरी का मागतो, याचा कधी विचार केला आहे का? थोड्या वेळापूर्वी ज्याला आपण राजा म्हणून पाहिले, तो आता साध्या कपड्यांत आपल्या समोर उभा असतो. त्याला जवळून पाहावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, त्याची एखादी खूण आपल्याजवळ राहावी, असे आपल्याला वाटते. म्हणजे त्या दाराशी आपण काहीतरी घ्यायला उभे असतो आणि नट काहीतरी देत असतो.

पण मुंबईत एक नट असा होऊन गेला, की त्याच्या नाटकानंतर दाराशी उलटेच दृश्य दिसे. प्रेक्षक बाहेर पडू लागले की तो स्वतःच त्यांच्या वाटेवर येऊन उभा राही. त्याने दोन्ही हातांनी एक कापड झोळीसारखे धरलेले असे. त्याची मान खाली झुकलेली असे. हजारो लोक ज्याचे नाव ऐकून नाट्यगृहात येत, तो नट लोकांपुढे झोळी पसरून उभा राही. त्याने चित्रपटांत सिकंदराची भूमिका केली होती. पुढे तो अकबर बादशहाही झाला. या नटाचे नाव पृथ्वीराज कपूर. त्याच्या मंडळीतील लोक प्रेमाने त्याला पापाजी म्हणत.

एवढ्या मोठ्या नटाने झोळी का पसरली? ते समजण्यासाठी आपल्याला त्यांच्या बालपणापासून सुरुवात करावी लागेल.

पृथ्वीराज यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ रोजी पंजाबातील समुंद्री या गावी झाला. हे गाव लायलपूर जिल्ह्यात होते. आज ते पाकिस्तानात आहे आणि लायलपूर शहराला आता फैसलाबाद म्हणतात. पृथ्वीराज यांचे आजोबा तहसीलदार होते आणि वडील पोलीस खात्यात अधिकारी होते. कपूर कुटुंबाचे मोठे घर पेशावर शहरात किस्साखानी बाजाराजवळ होते. किस्साखानी या नावाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको. दूरदूरचे व्यापारी तेथे उतरत आणि एकमेकांना किस्से सांगत, म्हणून त्या बाजाराला हे नाव पडले, असे म्हणतात. पेशावरच्या रस्त्यांवर पश्तो, हिंदको आणि उर्दू अशा कितीतरी भाषा कानांवर पडत. या भाषांच्या मेळ्यातच पृथ्वीराज मोठे झाले. त्यांच्या आवाजाला जी धार आणि जे वजन होते, त्याची पहिली शाळा हीच.

शिक्षणासाठी ते लायलपूरला आणि नंतर पेशावरच्या एडवर्ड्स कॉलेजात गेले. उंच बांधा, रुंद खांदे, तेजस्वी चेहरा आणि घुमणारा आवाज यांमुळे कॉलेजच्या नाटकांत त्यांची भूमिका उठून दिसे. नाटकाची गोडी त्यांना याच काळात लागली. पदवी मिळाल्यावर त्यांनी लाहोरला कायद्याचा अभ्यास सुरू केला. मुलाने वकील व्हावे, असे घरच्यांना वाटणे साहजिक होते. पण पृथ्वीराज यांचे मन कायद्याच्या पुस्तकांत रमेना. त्यांचे लग्न झाले होते. पत्नी रामसरनी आणि लहान मुले यांची जबाबदारी होती. अशा वेळी हातातले शिक्षण सोडून नट होण्यासाठी परक्या शहरात जाणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी तसे ठरवले. आत्याकडून थोडे पैसे उसने घेतले आणि १९२८ साली ते मुंबईला आले.

मुंबईत त्यांना कोणी ओळखत नव्हते. तेव्हा चित्रपट मूक होते, म्हणजे पडद्यावरची माणसे बोलत नसत. इंपीरियल फिल्म कंपनी ही त्या काळातील एक मोठी चित्रपट संस्था होती. तेथे पृथ्वीराज गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटांमध्ये दाखल झाले. अशा नटांना त्या धंद्यात एक्स्ट्रा म्हणतात. त्यांचे नाव पडद्यावर येत नाही. त्यांना कोणी स्वाक्षरी मागत नाही. पण पृथ्वीराज फार दिवस गर्दीत राहिले नाहीत. थोड्याच काळात त्यांना नायकाच्या भूमिका मिळू लागल्या.

१९३१ साली एक मोठी घटना घडली. १४ मार्च रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. पडद्यावरची माणसे बोलू लागली, गाऊ लागली. या चित्रपटात पृथ्वीराज यांचीही भूमिका होती. ज्यांचा आवाज चांगला नव्हता, अशा काही नटांचे काम बोलपटांमुळे गेले. पृथ्वीराज यांचे मात्र नशीब उजळले. त्यांचा आवाज हीच त्यांची दौलत होती.

आता तुम्हांला वाटेल, की पुढे ते चित्रपटांतच रमले असतील. पण तसे झाले नाही. याच सुमारास ग्रँट अँडरसन नावाच्या इंग्रज नटाची एक नाटक कंपनी हिंदुस्थानात फिरत होती. ही कंपनी शेक्सपिअरची नाटके इंग्रजीतून करी. पृथ्वीराज या कंपनीत शिरले आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरले. पैसा कमी आणि कष्ट जास्त असे ते दिवस होते. पण समोर बसलेल्या माणसांसाठी नाटक करण्याचा आनंद काय असतो, हे त्यांना तेव्हा कळले. चित्रपटात नट कॅमेऱ्यासमोर बोलतो. नाटकात तो माणसांसमोर बोलतो, आणि माणसे त्याला लगेच उत्तर देतात. कधी हसून, कधी टाळ्यांनी, तर कधी डोळ्यांतल्या पाण्याने. हा आनंद पृथ्वीराज कधीच विसरले नाहीत.

पुढे ते कलकत्त्याला गेले. तेथील न्यू थिएटर्स या नामवंत संस्थेच्या ‘राजरानी मीरा’, ‘विद्यापती’ अशा चित्रपटांत त्यांनी कामे केली. मग ते मुंबईला परतले. १९४१ साली सोहराब मोदी यांचा ‘सिकंदर’ हा चित्रपट आला. त्यात पृथ्वीराज सिकंदर झाले. घोड्यावर बसलेला, चिलखत घातलेला, जग जिंकायला निघालेला तो तरुण बादशहा लोकांच्या मनात घर करून बसला. पृथ्वीराज यांचे नाव देशभर झाले. आता त्यांच्याजवळ पैसा होता, कीर्ती होती आणि चित्रपटांचे काम होते.

अशा वेळी एखादा माणूस सुखाने घरी बसला असता. पृथ्वीराज यांनी मात्र नेमके उलटे केले. १५ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी ‘पृथ्वी थिएटर्स’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली.

मुलांनो, हा निर्णय किती धाडसाचा होता, ते समजून घ्या. मराठी माणसाला नाटकाची आवड जुनी आहे. मराठीत नाटक कंपन्यांची मोठी परंपरा होती. उर्दू आणि हिंदुस्थानी भाषेत पारशी मंडळींच्या नाटक कंपन्या एके काळी देशभर गाजल्या होत्या. पण बोलपट आले आणि लोक सिनेमागृहांकडे वळले. मराठी नाटक कंपन्यांना वाईट दिवस आले. पारशी कंपन्याही एकामागून एक बंद पडल्या. नाटकाचा धंदा म्हणजे तोट्याचा धंदा, असे सगळे म्हणत. ज्या बोलपटांनी नाटकाचे प्रेक्षक पळवले, त्याच बोलपटांत पृथ्वीराज यांनी नाव आणि पैसा मिळवला होता. आता तोच पैसा ते नाटकात ओतू लागले. कला ही देशाच्या सेवेसाठी असते, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी आपल्या मंडळीचे ब्रीदही तेच ठेवले.

पृथ्वी थिएटर्सचे पहिले नाटक होते ‘शकुंतला’. कालिदासाच्या प्रसिद्ध नाटकावरून ते हिंदुस्थानी भाषेत लिहिले होते. १९४५ साली ते मुंबईच्या ऑपेरा हाउसमध्ये रंगमंचावर आले. ऑपेरा हाउस ही गिरगावाजवळची भव्य आणि देखणी इमारत. तेथे त्या काळी चित्रपटही दाखवले जात. त्यामुळे चित्रपटांच्या वेळा सोडून नाटकाचे प्रयोग लावावे लागत. मुंबईत प्रयोग नसले, की मंडळी रेल्वेने दौऱ्यावर निघे. नट, नर्तक, वादक, शिंपी, सुतार, दिव्यांचे काम करणारे, स्वयंपाकी अशी शंभराच्या घरात माणसे असत. त्यांच्याबरोबर पडदे, पोशाख आणि नेपथ्याचे सामान असे. नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभे केलेले घर, महाल किंवा जंगल.

या मंडळीत लहान-मोठा असा भेद नव्हता. दौऱ्यावर सगळे एका पंगतीला जेवत. मालक म्हणून पृथ्वीराज यांच्यासाठी वेगळे ताट नसे. पुढे मोठे नाव मिळवणारे अनेक कलावंत येथे तयार झाले. जोहरा सेहगल या नामवंत नर्तिका आणि अभिनेत्री १९४५ साली या मंडळीत आल्या आणि सुमारे चौदा वर्षे राहिल्या. त्यांची बहीण उज्रा या मंडळीतील प्रमुख नायिका होत्या. संगीतकार राम गांगुली मंडळीला संगीत देत. तबला वाजवणारा शंकर आणि पेटी वाजवणारा जयकिशन हे दोन तरुण येथेच एकमेकांचे मित्र झाले. पुढे शंकर-जयकिशन ही जोडी चित्रपटसंगीतात फार प्रसिद्ध झाली.

पृथ्वीराज यांची तिन्ही मुले, म्हणजे राज, शम्मी आणि शशी, याच शाळेत शिकली. ‘शाळा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मालकाची मुले म्हणून त्यांना कोणी डोक्यावर बसवले नाही. शम्मी कपूर १९४८ साली मंडळीत आले, तेव्हा त्यांना महिना ५० रुपये पगार होता. चार वर्षांनी ते बाहेर पडले, तेव्हा तो ३०० रुपये झाला होता. घरच्या मंडळीतही त्यांना एकेक पायरी चढतच वर यावे लागले.

आता या मंडळीच्या नाटकांविषयी थोडे ऐका. कारण त्या झोळीचे मूळ या नाटकांतच आहे.

१९४५ साली पृथ्वी थिएटर्सने ‘दीवार’ हे नाटक आणले. ते इंदरराज आनंद यांनी लिहिले होते. दोन भाऊ एका मोठ्या घरात सुखाने राहत असतात. घरात परके पाहुणे येतात. हळूहळू ते भावाभावांत भांडण लावून देतात. भांडण इतके वाढते, की घराच्या मधोमध भिंत उभी राहते. शेवटी डोळे उघडतात आणि ती भिंत पाडली जाते. त्या वेळी देशाच्या फाळणीची चर्चा सुरू होती. ते घर म्हणजे कोणते घर आणि ते भाऊ कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नसे. रंगमंचावर प्रत्येक प्रयोगात भिंत पडे. लोक टाळ्या वाजवत.

पण १९४७ साली देशात खरी भिंत उभी राहिली, आणि ती पडली नाही. भारत स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी त्याचे दोन देश झाले. पृथ्वीराज यांचे समुंद्री, त्यांचे लायलपूर, त्यांचे पेशावर, त्यांचे घर, सगळे भिंतीच्या पलीकडे गेले. दंगली झाल्या. लाखो माणसे मारली गेली. लाखो माणसे घरदार सोडून या देशातून त्या देशात आणि त्या देशातून या देशात गेली. अशा लोकांना निर्वासित म्हणतात. मुंबईतही हजारो निर्वासित आले. त्यांच्याजवळ ना घर होते, ना काम, ना पुरेसे कपडे.

याच १९४७ साली पृथ्वी थिएटर्सचे ‘पठाण’ हे नाटक रंगमंचावर आले. एक मुसलमान पठाण आणि त्याचा हिंदू मित्र यांची ही कथा. मित्राच्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी पठाण आपल्या पोटच्या मुलाचा बळी देतो. पठाणाची भूमिका स्वतः पृथ्वीराज करत. बाहेर रस्त्यांवर हिंदू आणि मुसलमान एकमेकांचे वैरी झाले होते. आत नाट्यगृहात त्याच हिंदू-मुसलमानांसमोर एक पठाण मैत्रीसाठी सर्वस्व देत होता. पेशावरच्या मातीत वाढलेल्या पृथ्वीराज यांना अशी माणसे कल्पनेतून उभी करावी लागली नाहीत. त्यांनी ती आपल्या लहानपणी पाहिली होती.

१९४८ साली ‘गद्दार’ हे नाटक आले. फाळणीच्या वेळी भारतालाच आपला देश मानणाऱ्या मुसलमानाचे दुःख त्यात होते. १९४९ साली ‘आहुती’ आले. दंगलीत पळवून नेलेली एक मुलगी सुटून परत येते, पण आपलाच समाज तिला जवळ करत नाही, असे त्याचे कथानक होते. हे नाटक पाहून प्रेक्षक रडत. पण नुसते रडून काय होणार? नाटकातले दुःख खोटे असले, तरी बाहेरचे दुःख खरे होते. नाटक पाहून डोळ्यांत आलेले पाणी घरी जाईपर्यंत वाळून जाई. ते वाळण्यापूर्वीच त्याचा काही उपयोग व्हावा, असे पृथ्वीराज यांना वाटले.

म्हणून ते दाराशी उभे राहू लागले.

ते दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणा. नाटक संपले आहे. पृथ्वीराज यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांना हात जोडून आवाहन केले आहे. मग ते लगबगीने बाहेर येतात आणि लोक जेथून बाहेर पडणार त्या दाराशी उभे राहतात. झोळी पसरलेली. मान खाली. डोळे जमिनीकडे. समोरून माणसांची रांग जाते. कोणी शेठ नोट टाकतो. कोणी कारकून रुपया टाकतो. कोणी मजूर आणा टाकतो. कोण किती टाकतो, ते पृथ्वीराज पाहत नाहीत. ज्याने कमी दिले त्याला लाज वाटायला नको आणि ज्याने जास्त दिले त्याला गर्व व्हायला नको, जणू यासाठीच त्यांची मान खाली होती.

विचार करा. या माणसाला नुकत्याच टाळ्या मिळाल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी तो मंचावर ताठ उभा होता आणि सगळे त्याच्याकडे मान वर करून पाहत होते. आता तो मान खाली घालून उभा होता आणि लोक त्याच्या जवळून जात होते. दोन-तीन तास मोठ्या आवाजात बोलून त्याचे शरीर थकले असेल. त्याला बसावेसे, पाणी प्यावेसे वाटत असेल. तरीही शेवटचा प्रेक्षक जाईपर्यंत तो उभा राही. आणि हे एक-दोन दिवस नव्हे, तर वर्षानुवर्षे चालले.

झोळीत जमलेला पैसा गरजू लोकांसाठी असे. कधी तो निर्वासितांसाठी असे. कधी पूर किंवा दुष्काळ यांसारख्या संकटात सापडलेल्या लोकांसाठी असे. कधी आजारी आणि अडचणीत आलेल्या कलावंतांसाठी असे. या झोळीसाठी पृथ्वीराज यांच्यापाशी कोणी हिंदू नव्हता आणि कोणी मुसलमान नव्हता. दुःखी माणूस हीच एक जात त्यांना ठाऊक होती.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी खुद्द पृथ्वीराज यांना पैशाची चणचण नव्हती असे नाही. एवढी मोठी मंडळी चालवायची, सगळ्यांना पगार द्यायचा, रेल्वेचे भाडे भरायचे, नवे नेपथ्य तयार करायचे. तिकिटांच्या पैशांत हा खर्च भागत नसे. मग पृथ्वीराज चित्रपटांत काम करत आणि तेथे मिळालेला पैसा नाटकात घालत. चित्रपटातला बादशहा कमवी आणि नाटकातला फकीर ते खर्च करी. कर्ज वाढले, तरी त्यांनी मंडळी बंद केली नाही.

‘कलाकार’, ‘पैसा’ आणि ‘किसान’ ही नाटकेही याच काळात आली. ‘पैसा’ या नाटकात संपत्तीच्या मागे लागून मनाची शांती हरवून बसलेल्या माणसाची कथा आहे. स्वतःजवळचा पैसा नाटकासाठी उधळणाऱ्या माणसानेच ती भूमिका करावी, यातही मोठी गंमत आहे.

सोळा वर्षांत पृथ्वी थिएटर्सने २६६२ प्रयोग केले. प्रत्येक प्रयोगात मुख्य भूमिकेत स्वतः पृथ्वीराज होते. आता वही काढा आणि हिशोब करा. २६६२ ला १६ ने भागले, तर वर्षाला सुमारे १६६ प्रयोग होतात. म्हणजे जवळजवळ एक दिवसाआड एक प्रयोग! त्याशिवाय चित्रपटांचे काम, तालमी आणि प्रवास होताच. १९५२ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली, तेव्हा दिल्लीचे कामही वाढले.

शरीराने किती सोसावे यालाही मर्यादा असते. ज्या आवाजावर सगळे उभे होते, तो आवाजच बिघडू लागला. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत रोज शब्द पोहोचवता पोहोचवता गळा थकला. प्रकृतीही ढासळली. अखेर १९६० साली पृथ्वी थिएटर्स बंद करावी लागली. पडदे गुंडाळले गेले. माणसे पांगली. सोळा वर्षांचा संसार मोडताना पृथ्वीराज यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो.

त्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६० रोजी, मुंबईच्या मराठा मंदिर सिनेमागृहात ‘मुगल-ए-आझम’ हा चित्रपट झळकला. त्यात पृथ्वीराज अकबर बादशहा झाले होते. आजही अकबर म्हटले, की अनेकांच्या डोळ्यांसमोर तोच चेहरा येतो आणि कानांत तोच घोगरा, भारदस्त आवाज घुमतो. लोकांनी त्या आवाजातील रुबाब ऐकला. पण तो आवाज कोठे आणि कशासाठी झिजला, हे फार थोड्यांना ठाऊक होते. आता तुम्हांला ते ठाऊक झाले आहे.

पृथ्वीराज यांच्या मनात एक इच्छा मात्र राहून गेली होती. आपल्या मंडळीला स्वतःचे नाट्यगृह कधी मिळाले नाही. म्हणून १९६२ साली त्यांनी मुंबईत जुहूच्या जानकी कुटीर भागात एक जागा भाडेपट्ट्याने घेतली. पण नाट्यगृह उभे राहिले नाही. १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २९ मे १९७२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या निधनानंतर चित्रपटक्षेत्रातील सर्वांत मोठा मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. तो घ्यायला ते नव्हते.

वडिलांची इच्छा मुलाने पूर्ण केली. शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी जुहूच्या त्याच जागेवर छोटेसे नाट्यगृह बांधले. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू झाले. त्याचे नाव ‘पृथ्वी थिएटर’. तेथे मोठा थाटमाट नाही. प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना अगदी जवळ बसतात. नटाच्या कपाळावरचा घामही त्यांना दिसतो. ज्या ऑपेरा हाउसच्या दाराशी पृथ्वीराज झोळी घेऊन उभे राहत, ते ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले होते. दुरुस्ती होऊन २०१६ साली त्याचे दरवाजे पुन्हा उघडले.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल. नाटके पाहाल. कदाचित तुम्हीही एखाद्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी वही घेऊन उभे राहाल. जरूर उभे राहा. आवडत्या कलावंताची स्वाक्षरी घेण्यात काही वाईट नाही. तो थकलेला असेल, तर त्याला त्रास देऊ नका. नम्रपणे वही पुढे करा आणि त्याचे आभार माना.

पण तेथे उभे असताना पृथ्वीराज यांची आठवण ठेवा. स्वाक्षरीची वही कपाटात राहते. तिची शाई काही वर्षांनी फिकी पडते. दाराशी पसरलेल्या त्या झोळीत मात्र लोकांनी जे टाकले, त्यातून कोणाच्या घरी चूल पेटली, कोणाला औषध मिळाले, कोणाला पांघरूण मिळाले. त्या लोकांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत.

चांगले नाटक पाहिल्यावर आपल्या मनाचे दार थोडे उघडते. दुसऱ्याचे दुःख आपल्याला आपले वाटते. नाट्यगृहातून बाहेर पडताना ते दार पुन्हा बंद होण्याच्या आत आपण कोणासाठी काय करतो, हेच पृथ्वीराज मान खाली घालून विचारत होते. आज त्या दाराशी कोणी उभे नसले, तरी उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.